गाय ते ससा

झुल्मिराबाईंनी माझा धंदा बुडवला, हे आधीच सांगतो.
ओलिंदाच्या या चढाखाली, गल्लीच्या तळाशी माझं दुकान.
पूर्वी कार्निव्हल संपला की परदेशी पाहुणे
रांगेनं यायचे, हातात वितळलेलं काहीतरी,
चेहऱ्यावर गुन्हा.
ओकुमुरा नावाचे एक म्हातारे
दाढीचं मशीन रुमालात गुंडाळून घेऊन आले होते,
मेलेलं पाखरू आणावं तसे.

पैसे घेतल्यावर मी प्रत्येकाला तेच सांगायचो:
अडॅप्टर फक्त दाराचं माप बदलतो, साहेब,
आत शिरणाऱ्याचा स्वभाव नाही.

मग ती रात्र. चार नंबरची खोली.
साल्वादोरहून लग्नाला आलेली तायनारा,
तिची केस सरळ करायची इस्त्री.
पिन चपखल बसली, देश एकच ना!
पण तिच्या घरी एकशे सत्तावीस,
आमच्याकडे दोनशे वीस.
पडदा गेला. नवरीसाठी आणलेली चादर गेली.
तायनाराच्या डाव्या कानावरची एक बट गेली,
लग्नात तिनं तिथं फूल खोचलं.
मी वायर बदलायला गेलो तेव्हा
बाई जिन्यात बसून होत्या, अनवाणी,
रिकामी बादली अजून मांडीवर.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली देण्याआधी
त्या चार्जर मागू लागल्या.
अक्षरं त्यांना येत नाहीत. आकडे येतात.
तीस वर्षं जनावरांच्या लॉटरीच्या चिठ्ठ्या फाडल्यात,
शेवटचे दोन आकडे दिसले की त्यांना जनावर दिसतं.
दोनशे वीस म्हणजे कुत्रा.
एकशे सत्तावीस, मेंढी.
एकशे दहा, गाढव.
नवऱ्याचं भिंग डोळ्याला लावून
मुंगीच्या पायाएवढी ती छपाई वाचतात:
"शंभर ते दोनशे चाळीस. गाय ते ससा.
कुत्रा मध्ये मावतो. घ्या किल्ली."
नुसती मेंढी निघाली
तर काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात बंद,
जाताना परत.
"आमच्या भिंतीत कुत्रा बांधलाय, बाळा,
त्याच्यापुढं मेंढी सोडू नये."

फुटपाथवर घेतलेला स्वस्त चार्जर
त्या आधी हुंगतात.
रात्री पॅसेजमधून फिरत विचारतात,
उशीखाली फोन नाही ना?
न्हाणीघरात वायर नाही ना?
ओल्या हातांचा एक जर्मन पोरगा
त्यांनी टॉवेल फेकून मारून थांबवला.
आणि माझ्या दुकानात
आता दिवसभर पंखा फिरतो, तेवढाच.

यंदा जानेवारीत मी निघालो लिस्बनला,
जांदिराकडे, लेकीचं घर पहिल्यांदाच पाहायला.
बाईंनी चढावरून हाक मारली. बॅग काउंटरवर.
"अहो, मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे."
"उघडा."
फोनचा चार्जर: गाय ते ससा, पास.
मग तळाशी, मोज्यांत, ते दाढीचं मशीन.
ओकुमुरा परत न्यायला आलेच नाहीत,
मी दुरुस्त करून
घरी ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यावर वापरत होतो.
खोकं टेबलाखालीच राहिलं होतं.
बाईंनी भिंग फिरवलं. नुसतंच शंभर.
"एकटी गाय," त्या म्हणाल्या,
आणि डब्याचं झाकण लावलं.
मी काही बोललो नाही. बोलणार काय?

लिस्बनला माळ्यावरची खोली, खिडकीला थंडीची वाफ.
सॉकेट भिंतीत खोल, गोल, उखळासारखं.
आमची जाड पिन शिरेना, बारीक शिरली.
पाच मिनिटांनी चार्जरला उलटा हात लावून पाहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
कोमट. बस, कोमटच.
तेवढ्यात फोन वाजला.
"तिथं भिंतीत कोण?"
"दोनशे तीस."
पलीकडे जरा शांतता, मागं कुणाचा तरी रेडिओ.
"उंट. मावला का?"
"मावला."
"आणि दाढी?"

दाढी वाढलीय, बाई.
जांदिरा म्हणते, शोभते.